हौसेची गाडी आणि वाटेतले थांबे

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समोर ट्रक बनवणारे आहेत, रेल्वेचे आराखडे तपासणारे आहेत. अशा जाणकारांपुढे हिशेबखात्यातल्या माणसाने मोटारीवर बोलायचे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. पण समितीचा आग्रह मोडवेना. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो. त्यात मी एवढीच भर घालीन : जुनी गाडी पाहावी उघडून.

माझी गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या मामांची. त्यांना तिचा अभिमान दुहेरी होता. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि १९४४ मध्ये ती कंपनी काढणारे शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. वयोमानाने मामांचे गाडी चालवणे थांबले आणि २०१९ च्या दिवाळीनंतर ती ट्रकवर चढून लखनौला आली. “चालू कर, मी येऊन बसेन,” एवढेच मामा म्हणाले.

इंजिन जाम झाले होते. चार सिलिंडर, १०८९ सीसी, आणि एकही हलेना. प्लग काढून भोकांतून डिझेल ओतले आणि वाट पाहिली. आठवडा गेला, काही नाही. पंधराव्या दिवशी हँडल मारताच क्रँक जेमतेम बोटभर सरकला. त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले!

आमचे मिस्त्री मात्र हसले नाहीत. आयुष्य त्यांनी विक्रम टेम्पो दुरुस्त करण्यात घालवलेले. तोच विक्रम, जो आपल्या सरोजिनीनगरच्या स्कूटर्स इंडियात बनत असे. ते म्हणाले, “साहब, इंजन तो बोल पड़ेगा, पहले फ़र्श देख लीजिए.” गालिचा उचलला तर खाली पत्रा नव्हताच, गंजाची चाळण होती. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. सांगाडा आणि बॉडी एकच. म्हणजे फरशी गेली की गाडीचा कणाच गेला. सारे काम थांबवून पत्रा कापणे, वाकवणे, वेल्डिंग करणे सुरू झाले, आणि मार्च २०२० मध्ये देशच बंद झाला.

पुढचा थांबा पिस्टनचा. सिलिंडर ६८ मिलिमीटरचे. ते बोअर करून घेतले की थोडे मोठे पिस्टन लागतात. लालबाग पालथे घातले, लाटूश रोड पालथा घातला. शेवटी मुंबईच्या एका दुकानातून संच मागवला. आला तो दुसऱ्याच मापाचा! परत पाठवणे, पुन्हा मागवणे, यात तीन महिने गेले. तोवर ब्रेक उघडले. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीत चाकांजवळचे ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. चारही बदलावे लागले.

त्यात कागदपत्रे! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत २०२१ मध्ये संपत होती, आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला चालत न्यावी लागते. जिला फरशी नाही ती कशी जाणार? १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले. शिवाय परराज्यातली गाडी वर्षाहून अधिक काळ इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. तपासणीत चासी क्रमांक जुळलाच पाहिजे, आणि आमचा क्रमांक गंजाखाली दडलेला. मिस्त्रींनी दोन दिवस पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून तो एकेक अंक वर आणला.

२०२३ च्या फेब्रुवारीत गाडी रस्त्यावर आली. मामा आदल्या वर्षीच गेले होते. शेजारच्या आसनावर मामी बसल्या, हजरतगंजपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना दार मात्र मामांसारखेच दोनदा ओढून पाहिले.

मित्रहो, हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. हिशेबाचा माणूस म्हणून मी वहीत दिवस मांडले होते. सव्वातीन वर्षांत प्रत्यक्ष हात चालले ते पाच महिने. बाकी सारा काळ कोणाची तरी वाट पाहण्यात गेला : पत्र्याची, पिस्टनची, शिक्क्याची. हौशी माणसाची गाडी त्याच्या हातांमुळे क्वचितच अडते. ती अडते जे त्याच्या हातात नाही त्यापाशी.

याचे फार मोठे उदाहरण आपल्या इचलकरंजीचे आहे. शंकरराव कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. त्यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या कल्पनेने छोटी दोन आसनी गाडी बनवून रस्त्यावर आणली. पुढे पाव शतक ते ती सुधारत राहिले. इंजिन मागे, स्प्रिंगऐवजी रबर, आणि नाव ‘मीरा’. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा मानस होता. गाडी धावत होती, पण १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटारीचा कारखाना काढायला सरकारी परवाना लागे. मीराचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. स्वस्त छोटी गाडी लोकांना मिळाली ती डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० च्या रूपाने. त्यांच्यापुढे माझे थांबे म्हणजे किरकोळ. पण जात एकच.

म्हणून इथल्या तरुण सहकाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. गाडी घेण्याआधी कागद पाहा आणि चासी क्रमांक डोळ्यांनी वाचा. मग गालिचा उचला. इंजिन शेवटी पाहिले तरी चालेल, ते बहुधा बोलते. मापाचे सुटे भाग आज मिळतात तोवर घेऊन ठेवा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आता सुट्या भागांचे गिऱ्हाईकही आटणार. आणि आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब होतो, ते आधीच बदला.

एक शेवटचे. ज्या वडीलधाऱ्यासाठी काम काढले असेल, त्यांना गाडी पूर्ण होण्याची वाट पाहायला लावू नका. रंग नसेना का, आसन विटेचे असेना का, इंजिन बोलले की त्यांना आणा आणि बसवा. पिस्टन उशिरा का होईना, मिळतो. वेळेचा सुटा भाग ना लालबागेत मिळतो, ना कुर्ल्यात.