किती मुली सावरल्या, हे कोण मोजणार?

(वर्धा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण मारहाणीवर बोलतो, हुंड्यावर बोलतो, जमिनीच्या हक्कावर बोलतो. आज मला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या नैराश्याबद्दल बोलायचं आहे. हा डॉक्टरांचा विषय, त्यात आपलं काय काम, असं काहींना वाटेल. पण मुलीला उपचार मिळणं आणि ते तडीला जाणं, या दोन्ही गोष्टी घरात सत्ता कोणाच्या हातात आहे यावर ठरतात. म्हणून हा आपला विषय आहे.

या वयातलं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. झोप उडते, जेवण सुटतं, अभ्यासातलं मन जातं, डोकं-पोट दुखत राहतं. दोन आठवडे रोज असं चाललं, तर लक्ष द्यायलाच हवं. घरचे म्हणतात, नखरे करते. आजी म्हणते, बाहेरचं लागलं. मग अंगारा होतो, रक्तवाढीच्या गोळ्या होतात आणि शेवटी 'लग्न करून टाका, सुधरेल' असा सल्ला येतो. गावोगावच्या बैठकांत हाच क्रम मी ऐकत आले आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे शंभरात सात. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. पण दोन्ही वर्धा शहराजवळ. आर्वी, आष्टी, समुद्रपूरकडच्या मुलीला कोणीतरी घेऊन यावं लागतं. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण सोबत येणाऱ्या आईची रोजी बुडते, तिचं काय?

आणि एका खेपेत हा आजार बरा होत नाही. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावं लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलामुलींच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली तसा ठळक इशारा दिला. म्हणजे दुसरी खेप चुकणं हा निव्वळ हलगर्जीपणा नव्हे, त्यात मुलीच्या जिवाला धोका आहे.

उपचारांनी गुण येतो का? येतो. २००४ साली अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या अभ्यासात फ्लुओक्सेटीन हे औषध आणि विचार-वर्तन बदलाचं समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के १२ आठवड्यांत सुधारले. नुसत्या औषधानं ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनानं ४३ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीवर ३५ टक्के. आपल्याकडे मात्र मिळाली तर गोळी मिळते, बोलायला वेळ कोणाकडे नसतो.

बोलणारी व्यक्ती डॉक्टरच हवी असं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमानं गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत काम केलं. नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा फरक पडला नाही. तोच कार्यक्रम वेगळ्या नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी राबवला तेव्हा मुलांचं नैराश्य कमी झालं. जो मार्क देतो, त्याच्यापाशी मन मोकळं करणं अवघड, हे आपण जाणतोच. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या समाजवैद्यक विभागानं गावोगावी किशोरी पंचायती उभ्या केल्या. तो धागा आपण पुढे न्यायला हवा.

आता कायद्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क ठरवला. पण १८ वर्षांखालच्या मुलीच्या वतीनं निर्णय घेतात ते पालक. त्रासाचं मूळ घरातच असेल तर? पालक तिच्या हिताविरुद्ध वागत असतील, तर मंडळाला दुसरी योग्य व्यक्ती नेमता येते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. ती आपण वापरायला शिकलं पाहिजे. आणि मुलीला हेही आधीच सांगावं, की लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावी लागते. विश्वास देऊन मग तोडू नये.

२०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहावा. पण पोरीच्या हातात फोन असतो का, आणि ती बोलताना शेजारी कोण उभं असतं, हेही पाहावं.

शासनाचे तक्ते सांगतात, किती जणांची तपासणी झाली. आपण चार प्रश्न विचारू या. तपासलेल्यांपैकी किती मुली उपचारापर्यंत पोचल्या? किती दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला आल्या? तीन महिन्यांनी किती जणींना बरं वाटलं? आणि किती परत शाळेत गेल्या? प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यात, मुलींची नावं कुठेही न येऊ देता, हे आकडे मागावेत. आणि नव्या बैठकीत येताना एवढं ठरवून यावं, की आपल्या गावातल्या मुलीसोबत दवाखान्यात कोण जाणार, आणि त्या दिवशीची तिच्या आईची रोजी आपण कशी भरून काढणार.