वांटून खाणें

जेवण आणि खाणें हे दोन शब्द आपण बोलतांना सहज एकाच अर्थानें वापरतों. परंतु कोल्हापुरांत कांहीं काळ राहिलेल्या मनुष्यास त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाहीं. जेवणाला पाट लागतो, ताट लागतें, ठरलेली वेळ लागते आणि आमंत्रणहि लागतें. खाण्याला ह्यांपैकीं कांहींच लागत नाहीं. सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं बसलेल्या चार मित्रांमध्यें भडंगाची पुडी उलगडली जाते, कोणी त्यांत कांदा टाकतो, कोणी मिरची मोडतो, आणि पुडी कोणीं विकत आणली हें ती संपण्यापूर्वींच सर्वजण विसरून जातात. खासबागेजवळची भेळ, मिसळीवर पुन्हां पुन्हां ओतला जाणारा कट, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारें फेंसाळ दूध, हें सारें उभ्या उभ्या किंवा अनोळखी मनुष्याच्या खांद्याला खांदा लावून घ्यावयाचें असतें.

ह्या किरकोळ वाटणाऱ्या खाण्याविषयींच आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण आपल्या समाजांत मोठमोठ्या पंक्तींना जें साधलें नाहीं, तें पुष्कळदां ह्या लहानशा पुडीनें आणि चहाच्या कपानें साधलें आहे.

वांटून खाण्याची संवय आपल्या मातींत जुनीच आहे. करवीरच्या ऊसपट्ट्यांत गुऱ्हाळ सुरू झालें कीं वाटेनें जाणाऱ्यालाहि हांक जाते. त्याला रसाचा तांब्या, काहिलींतून काढलेली काकवी आणि ऊन ऊन गुळाचा खडा दिल्यावांचून गुऱ्हाळघरांतून सोडणें कमीपणाचें मानतात. थंडींत शाळूचीं कणसें आगटींत भाजून हुरडा पडतो, तोहि एकट्यानें खाण्याचा पदार्थ नव्हे. आणि गोपाळकाल्याची कल्पना तर काय सांगते? प्रत्येक गवळ्याच्या पोराची शिदोरी निराळी. परंतु त्या साऱ्या एकत्र कालविल्यावर कोणता घास कोणाच्या घरचा, हें देवालाहि निवडतां येऊं नये!

असें असतांहि ह्या उदारपणाला एक कठोर मर्यादा होती, हें आपण लपवूं नये. अस्पृश्य मानलेल्या मनुष्यालाहि अन्न मिळे, पाणी मिळे. परंतु तें वरून ओंजळींत ओतलें जाई. चहा मिळाला तर दाराबाहेर, वेगळ्या ठेवलेल्या कपांत. अर्थात् तें देणें होतें, वांटणें नव्हतें. देणाराचा हात वर आणि घेणाराचा खालीं, ही देण्याची रीत. वांटून खातांना मात्र दोघांचेहि हात एकाच पातळीवर येतात. काल्याचें कीर्तन ऐकून डोळे पुसणारीं माणसें घरीं जातांच ओंजळीची तीच रीत पाळीत, ह्या विसंगतीवर घाव घालणें केवळ उपदेशानें शक्य नव्हतें.

तो घाव कोल्हापुरांत चहाच्या एका कपानें घातला. गंगाराम कांबळे हे राजर्षि शाहू छत्रपति महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला त्यांनीं हात लावला, एवढ्याच कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळीं परगांवीं होते. ते परत आल्यावर गंगारामांनीं त्यांच्यापुढें गाऱ्हाणें घातलें. महाराजांनीं मारणारांना शासन केलेंच. परंतु तेवढ्यावर न थांबतां गंगारामांना स्वतंत्र धंदा काढावयास साहाय्य केलें, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हें चहाचें हॉटेल उघडलें. रस्ता वर्दळीचा होता. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास कोणी धजेना. तेव्हां महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाहि पाजीत. ज्यांना कागदावर महाराजांची सही हवी असे, त्यांनाहि तेथेंच गांठून चहाचा आग्रह होई, अशी आठवण कोल्हापुरांत अजून सांगतात.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. महाराजांना मोठी मेजवानी घालून सर्वांना एका पंक्तीस बसविणें अशक्य नव्हतें. परंतु मेजवानी एक दिवसाची. दुसऱ्या दिवशीं जो तो आपल्या सोंवळ्यांत परत जातो. चहा रोजचा असतो. शिवाय त्यासाठीं बाजारांत पैसे मोजावे लागतात, आणि पैसे मोजणारा गिऱ्हाईक विकणाऱ्यावर उपकार करीत नाहीं. म्हणूनच त्या कपानें गंगारामांना दान दिलें नाहीं, तर प्रतिष्ठा दिली. १९१९ सालीं महाराजांनीं सार्वजनिक ठिकाणीं शिवाशीव पाळूं नये असे हुकूम काढले. त्या हुकुमांना जें बळ आलें, तें हुकूम काढणारानें स्वतः तो कप ओठांला लावला होता म्हणूनच. पुढें मार्च १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेंत महाराजांनीं डॉ. आंबेडकरांचा गौरव केला, त्याच भाषणांत त्यांना आपल्या रजपूतवाडीच्या मुक्कामीं भोजनाचें आमंत्रणहि दिलें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या आपल्या संविधानानें दुकानें आणि उपाहारगृहें यांचीं दारें जातिधर्माचा भेद न करितां सर्वांस मोकळीं केलीं. १५ व्या कलमांतील त्या शब्दांमागें असे कित्येक कप उभे आहेत.

दूरदेशींहि हाच अनुभव येतो. कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत पाहुण्यांपुढें ‘पिकादेरा’ नांवाचें फराळाचें ताट ठेवतात. त्यांत हिरव्या केळ्यांचे तळलेले काप असतात, करंजीसारखे ‘पास्तेलितो’ असतात, आणि गहूं व खिमा यांचे ‘किपे’हि असतात. हे किपे तेथील मूळचे नव्हत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन व सीरिया येथून आलेल्या लोकांनीं ते आपल्याबरोबर नेले. आज तेच ताट त्यांच्यावांचून अपुरें वाटतें. परका मनुष्य आपलासा होण्यापूर्वीं पुष्कळदां त्याचा पदार्थ आपलासा होतो.

परंतु कायदा हॉटेलाचें दार उघडूं शकतो, घराचें नव्हे. तें काम आपलेंच आहे. शेजाऱ्याकडून आलेलें भांडें रिकामें परत करूं नये, अशी आपल्याकडे सुंदर चाल आहे. दिवाळीच्या फराळाचें ताट बाहेर जातें, ईदेचा शीरखुर्मा घरांत येतो, मोहरमांत चोंगे येतात. तें ताट कोणकोणत्या दारापर्यंत जातें आणि कोणत्या दारापासून मागें वळतें, हें येत्या सणाला प्रत्येकानें आपल्या मनाशीं एकदां मोजून पाहावें. ज्या दारापासून तें मागें वळत असेल, तेथें प्रथम आपण जावें, आणि त्यांनीं पुढें केलेला चहा तेथेंच बसून प्यावा.