यकृत आणि भाकरी



मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली; पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि साखर कारखान्यांच्या फाटकावर झाले. तेव्हा यकृतावर बोलण्याचा मला अधिकार काय? एवढाच, की हे दुखणे माझ्या स्वतःच्या पोटात निघाले.

तीन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. बातमी फुटताच एक जुना सोबती हळूच म्हणाला, “नेते, कधीपासून घेता?” मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण त्या दिवशी मान खाली गेली खरी. आमच्या एका कामगाराने तर याच लाजेपायी आपला कागद घरीही दाखवला नव्हता. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो : दारूने यकृत बिघडतेच, परंतु दारूचा थेंबही न घेणाऱ्याचे यकृत चरबीने भरू शकते. वाढता घेर, मधुमेह आणि बैठे काम ही त्याची नेहमीची कारणे. बहुधा ते दुखत नाही, आणि म्हणूनच फसवते. काहींच्या बाबतीत पुढे सूज येते, यकृत कठीण होत जाते. सरकारनेही २०२१ साली या रोगाचा समावेश आपल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात केला.

मग मी माझा हिशेब मांडला. गेटसभा म्हटली की चहा, वाटाघाटी म्हटल्या की चहा. दिवसाला दहा कप, कपात दोन चमचे साखर. म्हणजे ८० ते १०० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५० च्या आत ठेवा, २५ वर आणलीत तर उत्तम. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. त्याचा बहुतेक भार यकृतावर पडतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची तेथे चरबी बनते.

साखर कामगारांच्या मजुरीसाठी भांडणाऱ्याने साखरेविरुद्ध बोलावे काय? प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले, त्यावर आपल्या जिल्ह्याची चूल पेटली. हे मी विसरलेलो नाही. पण ज्या मालावर पोट भरते, तोच माल पोटात किती घालावा, हा प्रश्न वेगळा आहे.

आता भाकरीकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ देखील नाही. चोथ्याने पोट लवकर भरते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. अख्ख्या गव्हाची चपातीही चोथ्यात कमी नाही. वैर गव्हाशी नसून मैद्याच्या पावाशी, खारीशी, बिस्किटाशी आहे.

मात्र भाकरी म्हणजे जडीबुटी नव्हे. चारच्या जागी सहा भाकरी खाल्ल्या, तर ज्वारीचीही चरबीच होणार. वजन ७ ते १० टक्के उतरले तर यकृताची सूजही ओसरू शकते. ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो उतरवायचे. त्यासाठी दोन भाकरी, पिठल्याऐवजी कधी मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी, बिनसाखरेचा चहा आणि रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. माझे सात किलो उतरले, सव्वा वर्ष लागले.

शेवटी संघटनेची गोष्ट. नगरच्या कोरडवाहू रानात शाळू पिकतो. पण मजुराच्या पिशवीत रेशनचे म्हणून मुख्यतः गहू-तांदूळच पडतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचेही नाव आहे. २०२३ हे भरड धान्यांचे जागतिक वर्ष म्हणून साजरे झाले, आणि बाजारात ज्वारीची बिस्किटे चकचकीत वेष्टनात आली. आम्हाला वेष्टन नको, धान्य हवे! ज्वारी कष्टकऱ्याच्या ताटात परत यावी, एवढी मागणी तुम्हीही आमच्याबरोबर करा.

आणि सभेनंतर चहा आहे असे ऐकतो. माझ्या कपात साखर घालू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.