आकाशातले भोंगे



रानात वाट चुकली तर आपण कुणाला तरी विचारतो. पण आकाशात फार दूर गेलेल्या यानाने कुणाला विचारायचे?

आज ही याने बहुतेक पृथ्वीलाच विचारतात. इथून बिनतारी संदेश जातो, तिकडून उत्तर येते, मग इथली माणसे हिशेब करून यानाची जागा ठरवतात. पण १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आता इतके लांब आहे, की संदेश नुसता पोचायला २२ तासांहून जास्त लागतात. एवढ्या वेळात काही संकट आले तर? म्हणून यानाला आपली जागा आपणच कळली पाहिजे.

आम्ही शाळेत मुलांना ध्रुवतारा दाखवीत असू. ध्रुव उत्तर दाखवतो. पण यानाला नुसती दिशा पुरत नाही. त्याच्या कामाचे तारे निराळे. त्यांना पल्सार म्हणतात. १९६७ साली इंग्लंडात केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला पल्सार सापडला.

मोठा तारा फुटला की त्याचा गाभा उरतो. तो सुमारे २० किलोमीटर रुंद, पण सूर्याहून जड! तो भिंगरीसारखा फिरतो. दीपगृहाच्या दिव्यासारखा त्याचा झोतही फिरतो. दर फेरीला एक ठोका. काही पल्सार सेकंदाला शेकडो ठोके देतात, आणि तेही अगदी नेमाने.

आता हे पहा. कारखान्याचा भोंगा बरोबर आठला वाजला. तुम्हाला तो सहा सेकंद उशिरा ऐकू आला. तर तुम्ही सुमारे दोन किलोमीटर दूर आहात. पण कोणत्या बाजूला? आणखी दोन गावचे भोंगे ऐका, म्हणजे जागा पक्की होते. यानही असेच करते. आपली अंदाजाची जागा त्याला ठाऊक असते. ठोका अपेक्षेपेक्षा आधी आला, तर यान त्या ताऱ्याकडे पुढे आहे. उशिरा आला, तर मागे आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने हे करून पाहिले. तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर धावणाऱ्या अंतराळ स्थानकावर यंत्र बसवले. त्याने चार पल्सारांचे ठोके मोजले. आठ तासांच्या आत, पृथ्वीला न विचारता, स्थानकाची जागा निघाली. चूक १६ किलोमीटरहून कमी!

आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, ३० मोठ्या तबकड्यांची दुर्बीण आहे. तीही पल्सारांचे ठोके टिपते.

मंडळी, ठोके साऱ्या आकाशात पसरतात. पण ज्याचे घड्याळ बरोबर आणि ज्याला हिशेब येतो, त्यालाच ते वाट दाखवतात. आपण अक्षरे शिकलो. आता आकडेही पक्के करू या.