धोक्याचा माल आणि शेवटचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रवासात आपल्या पुढे कधीतरी एखादा टँकर असतो. त्याच्या मागे एक मोठा फलक लावलेला असतो. त्यावर चार आकडी क्रमांक, शेजारी कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनातली रंगीत खूण आणि खाली दूरध्वनी क्रमांक. आपण तो फलक बघतो आणि ओव्हरटेक करून पुढे निघून जातो. पण तो फलक वाचता आला पाहिजे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे घरगुती सिलिंडरमधला गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन आणि १८३० म्हणजे तीव्र सल्फ्युरिक अॅसिड. हे क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले आहेत आणि जगभर तेच चालतात. धोक्याच्या मालाचे स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, विषारी, किरणोत्सारी, दाहक असे एकूण ९ वर्ग केलेले आहेत.

आपल्याकडे या वाहतुकीचा कायदा आहे आणि तो चांगला तपशीलवार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्याची कलमेच्या कलमे आहेत. फलकावर मालाचे नाव निदान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवे, क्रमांक निदान १०० मिलिमीटर उंचीचा हवा, इथपर्यंत त्यात लिहिले आहे. माल पाठवणाऱ्याने गाडीमालकाला पूर्ण माहिती द्यायची, मालकाने चालक प्रशिक्षित असल्याची खात्री करायची आणि चालकाने ‘ट्रेम कार्ड’ केबिनमध्ये ठेवायचे. ट्रेम कार्ड म्हणजे गळती झाली, आग लागली, अंगावर उडाले तर काय करायचे ते सांगणारा कागद. तेव्हा नियमांची वाण नाही. प्रश्न वेगळाच आहे. मालाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसापर्यंत ही माहिती पोहोचते का?

याचे उत्तर ‘नाही’ असेल तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले आपल्या मुंबईचे आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला त्यातच कापसाच्या गाठी भरल्या होत्या. एकीकडे सहज पेटणारा कापूस, दुसरीकडे दारूगोळा. जहाजावर स्फोटके असल्याची खूण म्हणून लाल निशाण लावायचे, तेही लावलेले नव्हते. १४ एप्रिलला दुपारी कापसाला आग लागली आणि चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले ६६ जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या जवानांच्या शौर्याबद्दल आपण दरवर्षी बोलतो. कापूस आणि स्फोटके शेजारी-शेजारी कशी आली, याबद्दल मात्र फारसे बोलत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. ११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान काही मिनिटांतच दलदलीत कोसळले. आतली ११० माणसे दगावली. सामानाच्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या ५ खोक्यांमध्ये ऑक्सिजन तयार करणारी छोटी उपकरणे होती. ती दुसऱ्या विमानांतून, मुदत संपली म्हणून, काढलेली होती. ती एकदा सुरू झाली की ऑक्सिजन सोडतात आणि भयंकर तापतात. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येकावर सुरक्षेची टोपी बसवायची असते. टोप्या उपलब्धच नव्हत्या. तरी कामाच्या कागदांवर सह्या झाल्या. पुढे खोकी पाठवणाऱ्या कारकुनाने कागदावर लिहिले, ‘रिकामे’. खोकी चढवून घेणाऱ्यांनीही तो शब्द मान्य केला. यातल्या कोणाच्याच मनात कुणाचे वाईट करायचे नव्हते. मुदत संपलेले आणि रिकामे यांतला फरक त्यांना कोणी शिकवला नव्हता.

हा ‘रिकामे’ शब्द आपल्याकडेही रोज वापरात आहे. पेट्रोल खाली करून परतणारा टँकर आपण रिकामा म्हणतो. वास्तविक त्यात वाफ भरलेली असते, आणि हवेत मिसळलेली वाफ ठिणगीने पेटते, फुटते. सॉल्व्हंटच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करायला बसलेला कारागीर असाच फसतो. टेम्पोत पार्ट लोडमध्ये अॅसिडचे कॅन, ब्लीचिंग पावडरची पोती आणि किराणा एकत्र चढतो, कारण बिल्टीवर नुसते ‘केमिकल’ लिहिलेले असते. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र सांडली तर क्लोरीन वायू सुटतो, हे पोते उचलणाऱ्या हमालाला कोणी सांगायचे?

चालकांसाठी प्रशिक्षणाची तरतूद नियम ९ मध्ये आहे. धोक्याचा माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी आणि त्याने ३ दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. त्यात सावधपणे गाडी चालवणे, कौशल्य आणि मालाची सुरक्षितता असे तीन भाग आहेत. पूर्वी या परवान्याची मुदत १ वर्षाची होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीने ती ३ वर्षांची झाली. विमानाने असा माल पाठवणाऱ्यांना मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दर २४ महिन्यांनी पुन्हा शिकावे लागते. पाठ केलेले माणूस विसरतो, हे गृहीत धरूनच ती मुदत ठेवली आहे.

पण मुदतीपेक्षा महत्त्वाचे आहे ते शिकवणे कसे होते, हे. फळ्यावर ९ वर्ग लिहून दिले आणि शेवटी प्रमाणपत्र वाटले, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. चालकाच्या हातात त्याच्याच गाडीचे ट्रेम कार्ड द्यावे आणि विचारावे, ‘भाऊ, घाटात गाडी कलंडली. पहिल्या ५ मिनिटांत काय करशील?’ इंजिन बंद, विडी-काडी बंद, वारा कुठून येतो ते पाहून त्याच्या वरच्या बाजूला सरकायचे, लोकांना लांब ठेवायचे, पोलिसांना आणि मालकाला कळवायचे. हे त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत आले पाहिजे. पेट्रोलच्या आगीवर नुसते पाणी मारले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते. अमोनिया मात्र पाण्याच्या फवाऱ्यात विरघळतो. एकाला जे तारते ते दुसऱ्याला मारते, म्हणून गाडीत काय आहे हे आधी कळले पाहिजे.

आणि हे शिक्षण चालकापाशी थांबता कामा नये. पिंपावर लेबल चिकटवणारी बाई, चलन लिहिणारा कारकून, गोदामातला माथाडी आणि गाडीवरचा क्लीनर हेही या साखळीतच आहेत. विमानाच्या त्या अपघातात चालक कुठेच चुकला नव्हता. चूक खोकी बांधण्याच्या टेबलावर झाली होती.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच शिकवली जाते. ती म्हणजे ‘नाही’ म्हणणे. लेबल नाही, कागदात मालाचे नाव नाही, पिंप गळते आहे, तर माल चढवणार नाही, असे म्हणण्याची मुभा हमालाला हवी. तो त्या मालाला थांबवू शकणारा शेवटचा माणूस असतो, आणि बहुधा सगळ्यांत कमी पगाराचा. त्याला नुसते ज्ञान दिले आणि खोळंब्याबद्दल त्याचीच मजुरी कापली, तर ते ज्ञान काही कामाचे राहत नाही. गाडी तासभर उशिरा सुटली तर नुकसान किती, आणि घाटात पेटली तर किती, हा हिशेब मालकांनीच करायचा आहे.

आपल्यालाही यात एक छोटे काम आहे. २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे कलंडलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून घ्यायला लोक बादल्या घेऊन जमले. आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. टँकर उलटलेला दिसला की जवळ जाऊ नका, मोबाइलवर चित्रीकरण करत उभे राहू नका. लांबून फलकावरचा क्रमांक दिसत असेल तर ११२ ला फोन करून तो सांगा. तुम्ही सांगितलेल्या त्या चार आकड्यांवरून अग्निशमन दलाला निघण्याआधीच कळते, की बरोबर पाणी न्यायचे की फेस.