खचलेलें घर आणि उभें कर्ज

घर पडलें म्हणजे त्यावरील कर्जहि पडतें काय? प्रश्न वरवर पोरकट भासेल. परंतु 17 जानेवारी 1994 रोजीं पहांटे साडेचारच्या सुमारास अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराचा नॉर्थरिज हा भाग भूकंपानें हादरला, तेव्हां तेथील कित्येक सरळमार्गी कुटुंबांपुढें हाच प्रश्न येऊन उभा राहिला. बरोबर एका वर्षानें, 17 जानेवारी 1995 च्या पहांटे, जपानांतील कोबे शहरावर याहून भीषण आपत्ति कोसळली आणि तेथेंहि तोच प्रश्न निघाला. तारीख एक, संकट एका जातीचें. उत्तरें मात्र दोन टोकांचीं मिळालीं.

नॉर्थरिजकडील गृहस्थाची अडचण नीट ध्यानीं येण्यास थोडा हिशेब मांडला पाहिजे. त्या बाजूस 1980 नंतरच्या दशकांत घरांचे भाव चढत गेले होते. पुढें शीतयुद्ध संपलें, विमानांच्या व शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील नोकऱ्या घटल्या आणि 1990 पासून भाव उतरूं लागले. समजा, एकानें 1989 सालीं 2 लक्ष डॉलरांस घर घेतलें. पदरचे 20 हजार घालून बाकीचें कर्ज काढलें. चार वर्षें एकहि हप्ता चुकूं दिला नाहीं. पण तीस वर्षांच्या कर्जांत आरंभींचे हप्ते बहुतेक व्याजांतच जिरतात, तेव्हां देणें राहिलें सुमारें 1 लक्ष 75 हजार. घराची बाजारांतील किंमत तोंवर दीड लक्षावर आली. अशांत भूकंपानें पाया खचला, भिंती उलल्या आणि दुरुस्तीचा अंदाज निघाला 60 हजार. घराचा जो विमा लोक नेहमीं उतरवितात त्यांत भूकंपाची भरपाई नसते; ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि घेतली तरी नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा धन्याच्याच माथीं राहतो. म्हणजे 2 लक्ष 35 हजारांचा बोजा वाहून हातीं काय उरणार, तर दीड लक्षाचें घर!

येथें कॅलिफोर्निया राज्याचा एक जुना कायदा त्याच्या कामीं येतो. महामंदीच्या काळांत, 1933 सालीं, तेथील विधिमंडळानें असें ठरविलें कीं, स्वतः राहण्याचें घर विकत घेण्यासाठीं ज्यानें कर्ज काढलें त्याजकडून सावकारानें वसुली करावी ती त्या घरांतूनच. घर विकून तूट आली तर ती ऋणकोच्या पगारांतून किंवा इतर मिळकतींतून मागतां येणार नाहीं. सावकारानेंहि घराची किंमत डोळसपणें पारखून मगच पैसा द्यावा, हा त्यांतील एक हेतु. अर्थात् आमच्या या गृहस्थानें किल्ल्या बँकेच्या हवालीं करून चालतें व्हावें, यास कायद्याची आडकाठी नव्हती. (मधल्या काळांत जुनें कर्ज फेडून त्याजागीं नवें काढलें असतें तर मात्र 1994 सालीं हें कवच त्यास नव्हतें; तो दोष 2013 पासून बव्हंशीं दूर झाला.)

आपल्याकडील श्रोत्यास हें ऐकून धक्का बसेल. आज्याचें देणें नातवानें फेडल्याच्या कथा ज्या घरांतून अभिमानानें सांगतात, तेथें किल्ल्या टाकून जाणें म्हणजे शुद्ध वचनभंग. पण वचन काय दिलें होतें, हें आधीं पाहावयास नको काय? कायद्याच्या दृष्टीनें त्या कराराचा अर्थ ‘पैसे देईन, न दिल्यास घर घ्या’ एवढाच होता, व तें जाणूनच बँकेनें व्याज लावलें होतें. घर देणारानें शब्द मोडला असें म्हणणें कठीण आहे. फुकट सुटला असेंहि नव्हे: पदरचे 20 हजार व चार वर्षांचे हप्ते बुडाले, आणि त्याच्या पतपत्रकावर सात वर्षेंपर्यंत राहणारा डाग पडला.

खरी बोच निराळीकडे आहे. एका इमारतींत अनेकांचीं बिऱ्हाडें स्वमालकीचीं असलीं कीं छप्पर व पाया सर्वांचा सामाईक. चौघे निघून गेले तर त्यांच्या वांट्याची दुरुस्ती मागें राहिलेल्यांनीं कोठून करावी? शिवाय भाड्याच्या इमारतींचे मालकहि हात झटकूं लागले. होतां होतां आळीच्या आळ्या ओस पडल्या. नगरपालिकेनें अशीं सतरा स्थळें नोंदलीं; लोक त्यांस ‘भुतांचीं गांवें’ म्हणूं लागले. फुटक्या खिडक्यांतून चोर व गंजेकरी शिरले. शेवटीं मध्यवर्ती सरकारचा पैसा कर्जाऊ देऊन नगरपालिकेनें त्या इमारती उभ्या करविल्या. बँकेशीं झालेल्या करारांत शेजाऱ्याचें नांव कोठेंच नव्हतें. भोगावें मात्र त्यास लागलें.

आतां कोबेकडे वळावें. तेथें 6,434 माणसें दगावलीं, एक लाखाहून अधिक घरें पार कोसळलीं. जपानांत गृहकर्ज माणसाच्या मानेवर असतें, घर गेल्यानें तें जात नाहीं. राखेच्या ढिगाचे हप्ते भरावयाचे आणि नव्या निवाऱ्यासाठीं दुसरें कर्ज काढावयाचें. यास तेथें ‘दुहेरी कर्ज’ असें नांव पडलें. आपद्ग्रस्तांस संसार सावरण्यासाठीं रोख साहाय्य देण्याचा कायदा 1998 सालीं झाला, पण तो कोबेच्या लोकांस लागू नव्हता. मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर त्याच वर्षीं, आणि पुढें 2016 पासून सर्व मोठ्या नैसर्गिक आपत्तींसाठीं, अशी वाट निघाली कीं ज्यास फेडणें खरोखर अशक्य, त्यानें सावकारांच्या संमतीनें देणें कमी करून घ्यावें व त्याच्या पतीस बट्टा लागूं नये. कोबेवाल्यांस ती फार उशिराची.

आपला 1882 चा मिळकत-हस्तांतराचा कायदा कोबेच्या बाजूस झुकतो. गहाणाची मिळकत कोणाच्याहि दोषावांचून नष्ट झाली तर सावकार आणखी तारण मागूं शकतो, आणि तें न मिळाल्यास रकमेचा दावा लावूं शकतो. मात्र तें तारण देण्याची वाजवी संधि ऋणकोस आधीं द्यावी लागते, इतकी सवड त्या कलमांत ठेवलेली आहे.