दंडावरची चरबी आणि दंडातले बळ



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत काल वेदान्त, उद्या अर्थकारण आणि मध्येच आज दंडावरची चरबी, हा क्रम पाहून काही मंडळींना हसू आले असेल. परंतु ज्यांनी वर्षभर जिभेला लगाम घालून दहा-पंधरा किलो वजन उतरविले, आणि तरीही ज्यांचा दंड हात उंचावताच पूर्वीसारखाच लोंबतो, त्यांना या विषयाचे हसू येत नाही. त्यांतले काही निराश होऊन पुन्हा फराळाच्या डब्याकडे वळतात. काही जण याच्या उलट, दंड उतरेपर्यंत उपाशी राहण्याचा निश्चय करतात. दोन्ही मार्ग घातक आहेत. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

नागपुरात तर तो अवश्य व्हावा. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे आपल्याच नगरीचे. पदव्यांच्या संख्येसाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु आहारावरील त्यांच्या व्याख्यानांचा परिणाम त्यांच्या पश्चातही टिकून राहिला. दिवसातून दोनदाच खावे, हा त्यांचा उपदेश. तोच धागा उचलून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला: दोनच जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. या पद्धतीचा न्यायनिवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत, एवढेच सांगून पुढे जातो. अशा नाना मार्गांनी वजन उतरविलेली माणसे आता घरोघर आहेत, आणि काटा खाली आला तरी दंड का उतरत नाही, हा प्रश्न त्यांचाच आहे.

प्रथम हे पाहू की, त्या लोंबणाऱ्या भागात असते काय. तीन वस्तू असतात: कातडी, तिच्याखालची चरबी, आणि त्याखालचा स्नायू. दंडाच्या पुढच्या बाजूला बेटकुळी फुगते, म्हणून आपले लक्ष तिच्याकडे. परंतु दंडाच्या एकूण स्नायूंपैकी निम्म्याहून अधिक भाग मागच्या बाजूला असतो. ढकलण्याचे, रेटण्याचे, टेकून उठण्याचे काम तोच करतो. वजन उतरते तेव्हा चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, नाहीशा होत नाहीत. स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे मोठ्या युक्तीने दाखविले. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या विशिष्ट कार्बनच्या खुणेवरून त्यांनी या पेशींचे वय काढले. मोठ्या माणसात त्यांची संख्या जवळजवळ कायम राहते, वजन घटले तरीही. कातडीचेही तसेच. वर्षानुवर्षे ताणलेली कातडी, विशेषतः चाळिशी उलटल्यावर, पूर्ववत आकसत नाही. आणि नुसत्या उपासाने वजन उतरविले तर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणजे पिशवी तीच, आतला माल कमी, आणि आधाराचा खांब बारीक. मग पिशवी लोंबणारच.

आता लोकांचा आवडता समज असा की, ज्या अवयवाला व्यायाम, त्याच अवयवाची चरबी झडते. तसे असते तर टेनिस खेळणाऱ्याचा रॅकेट धरणारा हात दुसऱ्या हातापेक्षा कमी चरबीचा असता. १९७१ साली अमेरिकेत हेच तपासून पाहिले. खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा होता. चरबीचा थर मात्र दोन्ही हातांवर सारखाच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात शंभरावर माणसांनी बारा आठवडे एकाच दंडाला कसरत दिली, आणि चुंबकीय यंत्राने घेतलेल्या चित्रांतही त्या दंडाची चरबी वेगळी झडलेली दिसली नाही.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. धरमपेठेत नळ सोडला म्हणून जवळच्या अंबाझरीचे पाणी घटत नाही. नळाला पाणी येते ते मुख्यतः पेंचहून. स्नायूचेही असेच. त्याला लागणारे इंधन रक्तातून येते, आणि रक्तात ते साऱ्या शरीराच्या कोठारांतून उतरते. कोणते कोठार आधी रिकामे व्हावे हे आनुवंशिकता, वय आणि स्त्री-पुरुषभेद ठरवितात; आपली इच्छा त्यात कोणी विचारीत नाही.

म्हणून रबरी पट्टे, थरथरणारी यंत्रे, मलमे आणि ‘सात दिवसांत दंड सडपातळ’ असल्या जाहिराती यांना दुरूनच नमस्कार करावा. घाम म्हणजे पाणी; वितळलेली चरबी नव्हे. घामाने चरबी जात असती तर वैशाखानंतर नागपुरात एकही स्थूल मनुष्य शिल्लक राहिला नसता!

मग करावे काय? चरबीचा विचार थोडा बाजूला ठेवून खांबाचा विचार करावा. पिशवी लहान करणे आपल्या हाती फारसे नाही; खांब भरणे पुष्कळसे आहे.

आपल्या मागच्या पिढ्यांत हे आपोआप होत असे. जाते ओढणे, मुसळ उचलणे, विहिरीचे पाणी शेंदणे, या कामांनी स्त्रियांचे दंड कसलेले असत. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या कष्टांतून सुटका झाली हे उत्तमच झाले. परंतु जाते गेले तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, एवढे ध्यानात घ्यावे. पुरुषांसाठी आखाडा होता, जोर-बैठका होत्या, मुद्गल होते. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ आणि कसरती जगाला दाखविल्या. हा वारसा आपल्या दाराशी असून आपण दंडासाठी परदेशी मलम शोधतो, ही गंमतच म्हणावयाची.

साधा क्रम सांगतो. पहिल्या महिन्यात भिंतीला हात टेकून जोर काढावेत. ते सोपे वाटू लागले की ओट्याच्या किंवा भक्कम टेबलाच्या कडेला, आणि पुढे जमिनीवर. पाण्याने भरलेली बाटली डोक्यामागे धरून कोपरातून वर उचलावी. वजनाची पिशवी कमरेतून वाकून पोटाकडे ओढावी. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. मध्ये एक दिवस विसावा द्यावा. शेवटच्या दोन-तीन खेपा अवघड वाटल्या पाहिजेत, आणि त्या सोप्या झाल्या की वजन वाढविले पाहिजे. एरवी तो व्यायाम न राहता हातवारे होतात. श्वास कोंडू नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा खांदेदुखी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांची अनुज्ञा घ्यावी. फळ पाहण्यास तीन महिने थांबावे. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर महिन्यातून एकदा फीत लावावी; रोज आरशापुढे उभे राहू नये.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उतरविणाऱ्याला त्याहून थोडी अधिक लागतात. नुसत्या पोळी-भाताच्या दोन जेवणांत ती भरत नाहीत. वैदर्भीयांना झुणका-भाकरी शिकवावयास नको. बेसन, तूर, मोट, दही, ताक, अंडी, मासळी, ज्याला जे चालते ते प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्याच्याच सल्ल्याने जावे.

शस्त्रक्रियेविषयीही विचारणा होते. चाळीस-पन्नास किलो वजन उतरलेल्या माणसाच्या दंडाखाली कातडीची घडी पडते, उन्हाळ्यात तेथे घामोळे व जखमा होतात. अशांना ती जादा कातडी काढून टाकण्याने खरा आराम मिळतो. परंतु वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच ती करतात, आणि काखेपासून कोपराकडे जाणारा व्रण जन्मभर राहतो, हे आधी जाणून असावे. नुसती चरबी शोषून घेतली तर कातडी आणखीच सैल पडण्याचा संभव असतो. तसेच एकच दंड सुजला, विशेषतः स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर, किंवा गाठ लागली, किंवा दंड-मांड्या दुखऱ्या व चटकन काळ्यानिळ्या होत असतील, तर ती साधी चरबी समजू नये. तत्काळ तपासून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट. दंड हा शरीराचा खतावणीचा कागद आहे. मेळघाटात अंगणवाडीतली ताई लहानग्याच्या दंडाला फीत लावते, आणि ती साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली की ते मूल तीव्र कुपोषित ठरते. तेथे दंडावर मांस नाही याची चिंता, येथे चरबी आहे याची! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे; पण चरबी इंग्रजाच्या अंगी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के. आपल्या लोकांत स्नायू मुळातच कमी. तो उपासाने आणखी घालविला, तर काटा खूश होईल, पण सत्तराव्या वर्षी जमिनीवरून उठताना ज्या दंडाचा आधार घ्यावयाचा तो जागेवर नसेल.

म्हणून ज्यांनी वजन उतरविले त्यांनी दंड लोंबतो म्हणून आपले यश कमी मानू नये. रक्तातली साखर, रक्तदाब, गुडघे यांना जो लाभ व्हावयाचा तो झालाच आहे. आता दंडाला विचारण्याचा प्रश्न बदलावा. तो कसा दिसतो हे लोक पाहतील. तो काय उचलतो, हे आपण पाहावे.